क्रेऑन आधी प्रेताकडे का गेला?

उंबरठा
आमच्या नाशिकच्या वाचनगटात दोन महिने झाले, प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ चाललंय. दर रविवारी आठ-नऊ जण जमतो, प्रत्येकाला एकेक भूमिका, आणि अडेल तिथं थांबून बोलायचं असा नियम. गेल्या रविवारी असे अडलो की पुढे सरकलोच नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थीब्ज नगरीत ईडिपसचे दोन मुलगे गादीसाठी भांडतात. पॉलिनायसीस परक्यांचं सैन्य घेऊन आपल्याच नगरीवर चालून येतो, एटिओक्लीस आतून लढतो, आणि दोघं एकमेकांच्या हातून मरतात. राज्य मामाकडे, क्रेऑनकडे येतं. तो जाहीर करतो की एटिओक्लीसला मानानं माती द्यायची आणि पॉलिनायसीसचं प्रेत कुत्र्यापाखरांसाठी उघड्यावर टाकायचं. हुकूम मोडेल त्याला गावानं दगडांनी ठेचायचं. बहीण अँटिगनी माती देते, पकडली जाते, देवांचे कायदे तुझ्या हुकमाहून मोठे आहेत असं मामाला तोंडावर सांगते. क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. ती त्याच्या मुलाची, हायमनची, वाग्दत्त वधू. शेवटी आंधळा द्रष्टा टायरेसियस येऊन सांगतो की देव कोपलेत, आणि क्रेऑन हादरतो. वृंदातल्या, म्हणजे नाटकभर सोबत राहून बोलणाऱ्या-गाणाऱ्या नगरवासीयांच्या समूहातल्या, वृद्धांना विचारतो, “काय करू? सांगा, ऐकतो.”

वृद्ध सांगतात: जा, मुलीला गुहेतून सोडव, आणि उघड्यावर पडलेल्याला थडगं बांध. याच क्रमानं. क्रेऑनही म्हणतो, “मीच तिला बांधलं, मीच सोडवीन.” नोकरांना कुऱ्हाडी घ्यायला लावतो आणि आहे तसाच निघतो. मग दूत येऊन जे सांगतो त्यात कळतं की तो आधी माळावर गेला. कुत्र्यांनी फाडलेलं प्रेत धुतलं, ताज्या फांद्या तोडून दहन केलं, मायभूमीच्या मातीचा उंच ढीग रचला. आणि मग गुहेकडे. तोवर अँटिगनीनं वस्त्राचा फास करून गळ्याला लावलेला.

का? जिवंत पोर आत आहे आणि हा मेलेल्याला न्हाऊ घालतोय. माणसाचा कायदा विरुद्ध देवाचा कायदा, असं या नाटकाबद्दल सगळेच म्हणतात. मग देवाचा कायदा मान्य केल्यावरसुद्धा सगळं का बुडतं?

पाऊसपाणी
वाचनखूण साठवली. कॉलेजात असताना वाचलं होतं, हा क्रम उलटा झालाय हे लक्षातच आलं नव्हतं. आता पुन्हा काढते.

कलमदान
उंबरठाताई, प्रश्न फार चांगला आहे. त्याच्याकडे येतो, पण आधी ‘कायदा’ या शब्दाबद्दल. चाळीस वर्षं फौजदारी वकिली केली, त्यामुळे हा शब्द दिसला की थांबतो.

अँटिगनी नाटकाच्या पहिल्याच वाक्यांत क्रेऑनच्या हुकमाला ‘केरिग्मा’ म्हणते. केरिक्स म्हणजे दवंडी पिटणारा, तेव्हा केरिग्माला आपल्याकडे नेमका शब्द आहे: दवंडी. आणि तिथं ती क्रेऑनला राजा म्हणत नाही, सेनापती म्हणते. क्रेऑन मात्र स्वतःच्या हुकमाला ‘नोमोस’ म्हणतो. नोमोस म्हणजे कायदा, रीत, रूढी, सगळं एकत्र. “हे नोमोस ओलांडायची हिंमत केलीस?” असं तो विचारतो, तेव्हा तिचं उत्तर असं आहे:

“ही दवंडी काही झ्यूसनं पिटलेली नव्हती. पाताळातल्या देवांसोबत राहणाऱ्या न्यायदेवतेनंही माणसांना असे कायदे घालून दिलेले नाहीत. तुझ्या दवंड्यांत एवढं बळ असेल असं मला वाटलं नाही, की मर्त्यानं देवांचे न लिहिलेले, न ढळणारे कायदे ओलांडावेत. ते आजचे-कालचे नाहीत, सदाचे आहेत. केव्हा प्रकटले ते कुणाला ठाऊक नाही.”

म्हणजे तिच्या लेखी हे दोन कायद्यांचं भांडणच नाही. एक कायदा आहे आणि एक दवंडी आहे. क्रेऑनकडे सत्ता आहे, पण या बाबतीत अधिकारक्षेत्र नाही, असं तिचं म्हणणं.

ॲरिस्टॉटलनं वक्तृत्वावरच्या ग्रंथात हाच उतारा घेतलाय. निसर्गतः सर्वांना समान असा एक न्याय असतो, त्याचं उदाहरण म्हणून. आणि पुढे तो वकिलांना सांगतो की लिखित कायदा तुमच्या बाजूचा नसेल तर त्या समान कायद्याचा आधार घ्या. मुलीच्या तोंडचं मरणापूर्वीचं वाक्य शंभरेक वर्षांत कोर्टातलं हत्यार झालं.

रानवारा
नेहमीप्रमाणे सगळे अँटिगनीच्या बाजूनं बोलणार, म्हणून मी क्रेऑनच्या बाजूनं उभा राहतो. मनापासून.

आदल्या रात्रीपर्यंत नगरीला वेढा होता. सात दरवाज्यांवर सात शत्रू. आत बायकापोरं. जिंकले असते तर जाळपोळ, गुलामगिरी. हे ज्यानं आणलं तो याच घरातला मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी गादीवर बसलेल्या माणसानं दोघांना सारखाच मान दिला असता, तर ज्यांची मुलं भिंतीवर मेली त्यांना काय वाटलं असतं? आणि क्रेऑननं स्वतःही एक मुलगा गमावलाय. मेगारियस. शेवटाकडे त्याचा एका ओळीत उल्लेख येतो, तो वाचून पुढे जाऊ नका.

क्रेऑनचं पहिलं भाषण सुंदर आहे. जो स्वतःच्या देशापेक्षा मित्राला मोठं मानतो त्याला मी कुठंच धरत नाही. हे जहाज सरळ चाललं तरच आपली मैत्री टिकणार. इ.स.पू. ३४३ मध्ये प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनीसनं अथेन्सच्या कोर्टात प्रतिस्पर्धी राजकारणी एस्किनीसवर खटला चालवताना हेच भाषण वाचायला लावलं. एस्किनीस पूर्वी नट होता, त्यानं क्रेऑनची भूमिका केलेली. ज्या ओळी तू रंगभूमीवर म्हणायचास त्या राजकारणात विसरलास, असा डेमॉस्थेनीसचा वार. अथेन्सच्या लोकांना ते भाषण खलनायकाचं वाटत असतं तर हा वार लागला असता का?

ओवी
रानवारा, भाषण सुंदर आहे हे मान्य. पण त्या भाषणाचा शेवट कुठं होतो? प्रेतावर.

आपल्याकडे याच जागी काय केलंय बघा. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात रावण पडल्यावर बिभीषण म्हणतो, या अधर्म्याचे संस्कार मी करणार नाही. सख्खा भाऊ नकार देतोय, आणि शत्रू असलेला राम त्याला सांगतो: मरणान्तानि वैराणि. वैर मरणाशी संपलं, काम झालं, याचे संस्कार कर, तो जसा तुझा तसाच माझाही. इथं राजा आणि भाऊ यांच्या जागा थेट उलट्या आहेत. स्त्रीपर्वात युधिष्ठिरही दोन्ही बाजूंच्या मृतांचे संस्कार करवतो, ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांचेसुद्धा. हा श्लोकाचा तुकडा आपण अजूनही बोलण्यात वापरतो. प्रतापगडाखाली अफझलखानाची कबर आहे, तिच्याबद्दल बोलताना हटकून हेच शब्द येतात.

म्हणून मराठी वाचकाला क्रेऑन सुरुवातीपासूनच खुपतो. तो वैर मरणापलीकडे ओढतोय. “शत्रू मेला तरी मित्र होत नाही,” असं तो स्पष्ट बोलतो. त्यावर अँटिगनी म्हणते, “मी द्वेषात वाटेकरी व्हायला नाही, प्रेमात वाटेकरी व्हायला जन्मले.”

माळवाट
ओवी, तुलना आवडली. पण ग्रीकांकडेही हे होतंच. ‘इलियड’च्या चोविसाव्या सर्गात म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जाऊन, ज्यानं मुलगा मारला त्याचे हात चुंबून, हेक्टरचं प्रेत परत आणतो. सोफोक्लीसच्याच ‘एजॅक्स’मध्ये प्रेताला माती द्यायची नाही असं सेनापती ठरवतात, आणि एजॅक्सचा वैरी ओडिसियस मध्ये पडून ते मागे घ्यायला लावतो.

अथेन्सचा कायदा यातला मधला होता आणि तो ठाऊक असल्याशिवाय क्रेऑनचं माप काढता येत नाही. देशद्रोही आणि देवळं लुटणारे यांना ॲटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, मातीत पुरायला बंदी होती. सीमेबाहेर नेऊन पुरा, कुणी अडवत नसे. थेमिस्टोक्लीस, इराण्यांविरुद्धच्या सॅलमिसच्या समुद्रलढाईचा वीर, परदेशात देशद्रोही ठरून मेला. त्याची हाडं नातेवाइकांनी गुपचूप आणून ॲटिकात पुरली असं ते सांगत, ही नोंद इतिहासकार थ्युसिडिडीसनं केलीय. म्हणजे प्रेक्षागृहातल्या माणसाला ‘द्रोह्याला इथं जागा नाही’ हे पटण्यासारखं होतं. पण ‘कुठंच जागा नाही, कुत्र्यांनी खावं, आणि राखणीला पहारा’ हे फार पुढचं होतं.

नाटक साधारण इ.स.पू. ४४१ चं. पुढे ४२४ मध्ये डेलियमची लढाई झाली. तिथं खऱ्याखुऱ्या थीब्जकरांनी आणि त्यांच्या साथीदारांनी अथेन्सचे मृत परत द्यायला नकार दिला. आमच्या देवळात ठाणं मांडलंय ते आधी सोडा, म्हणाले. सतरा दिवस प्रेतं अडकून राहिली. ४०६ मध्ये तर अथेन्सनं स्वतःचेच सहा जिंकलेले सेनापती मारले, कारण आर्गिनुसीच्या समुद्रलढाईनंतर वादळात बुडणाऱ्यांना आणि मृतांना उचललं नाही. सगळ्यांवर एकत्र मतदान घेणं बेकायदा आहे म्हणून सॉक्रेटिस त्या दिवशी एकटा अडून बसला होता.

पाऊसपाणी
सतरा दिवस... बाप रे.

तुकतुकी
मला यातला पहारेकरी फार आवडतो, त्याच्याबद्दल कुणी बोललंच नाही. प्रेतावर कुणीतरी माती टाकलीय ही खबर राजाला द्यायची, म्हणून पहारेकऱ्यांत चिठ्ठ्या टाकतात आणि नेमकी याच्यावर येते. हा येऊन सांगतो की धावत आलो असं म्हणणार नाही, वाटेत कितीदा थांबलो, मागे वळलो. क्रेऑन चिडतो तर विचारतो, “माझं बोलणं कानाला लागतंय की मनाला?” आमच्या गावच्या कोतवालासारखा वाटतो. सगळे मोठे लोक कायदा कायदा करतात, आणि हा एकटा खरं सांगतो की मला माझा जीव प्यारा आहे.

ओवी
तुकतुकी, आणि त्याच्या बोलण्यातच एक फार मोलाची गोष्ट आहे. तो म्हणतो, थडगं नव्हतं, खणलेलं नव्हतं, चाकोरी नव्हती, फक्त हलकीशी धूळ, जशी कुणी पाप टळावं म्हणून टाकावी. उघडं प्रेत दिसलं तर परक्या वाटसरूनंही मूठभर माती टाकून पुढे जावं, नाहीतर विटाळ लागतो, अशी त्यांच्यात समजूत होती. देवांचा कायदा म्हणजे काय तर एवढंच. मराठीत आपण ‘मूठमाती’ म्हणतो. शब्द घासून गुळगुळीत झालाय, पण अँटिगनीनं जी दिली ती अक्षरशः मूठमाती आहे.

रानवारा
मूठमातीनं विधी झाला ना? मग ती दुसऱ्यांदा का गेली? पहारेकऱ्यांनी माती झटकली, ही भरदुपारी परत आली आणि पकडली गेली. इथं मला तिच्यात देवाच्या कायद्याइतकाच हट्ट दिसतो. वृंद तिला ‘ऑटोनोमोस’ म्हणतो, स्वतःच स्वतःचा कायदा असलेली. ही फक्त स्तुती नाही.

आणि ते शेवटचं भाषण? गुहेकडे जाताना ती म्हणते, नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, नवरा दुसरा मिळाला असता, मूलही झालं असतं, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा मिळत नाही. सदासर्वकाळचा, सगळ्यांसाठीचा कायदा म्हणे, आणि लागू होतो फक्त भावाला!

कलमदान
रानवारा, या ओळींनी भल्याभल्यांना छळलंय. जर्मन कवी गटेनं म्हातारपणी, १८२७ मध्ये, आपला सहायक एकरमनशी बोलताना इच्छा व्यक्त केली की कुणीतरी भाषापंडितानं या ओळी मागाहून घुसडलेल्या आहेत हे सिद्ध करावं. पण ॲरिस्टॉटलनं त्या उद्धृत केल्यात, तेव्हा त्याच्या काळी त्या नाटकात होत्याच. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडे अशीच कथा आहे. इराणचा दारियस राजा एका बाईला तिच्या कैदेतल्या घरच्यांपैकी एकच जीव निवडायला सांगतो आणि ती भाऊ निवडते, याच कारणानं.

मला त्या ओळी खऱ्या वाटतात. मरायला निघालेला अशील शेवटच्या दिवशी तत्त्व बोलत नाही. तो कारण शोधतो. पहिल्या भाषणात ती न्यायालयासमोर होती, इथं ती एकटी आहे.

तुकतुकी
इस्मेनीवर कुणीतरी लिहा ना. तिला सगळे भित्री म्हणतात. पण पकडल्यावर तीच येऊन म्हणते, मीही केलं, मलाही मारा. आणि अँटिगनी तिला झिडकारते. दोघीच उरल्या होत्या त्या घरात.

माळवाट
तुकतुकी, +१. “आपण बायका आहोत, पुरुषांशी लढायला जन्मलो नाही,” हे इस्मेनीचं वाक्य त्या काळच्या अथेन्समध्ये अगदी वस्तुस्थितीचं होतं. पण प्रेताला न्हाऊ घालणं, रडणं हे तिथं बायकांचंच काम. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलनं १८०७ च्या ग्रंथात जी मांडणी केली, की घराचा कायदा बाईकडे आणि नगरीचा पुरुषाकडे, दोन्ही खरे आणि दोन्ही एकांगी, तिला निदान एवढा पाया आहे.

ओवी
हेगेलचं ‘दोन्ही खरे’ मला पटत नाही. नाटकातले देव दोन्हीकडे नाहीत. टायरेसियस सांगतो की यज्ञातलं मांस पेटत नाही, चरबी वितळून राखेवर नुसती धुमसते, पाखरं प्रेताचं रक्त पिऊन वेड्यासारखी किंचाळत एकमेकांना फाडतायत, वेद्या त्या घासांनी विटाळल्यात. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला की जीव शांत झाला म्हणतात. इथं उलट झालंय. पाखरांना जे मिळायला नको तेच मिळालंय, म्हणून त्यांची भाषा बिघडलीय.

रानवारा
पण ओवी, देव प्रत्यक्ष बोलतो कुठं? संपूर्ण नाटकात एकही देव रंगमंचावर येत नाही. क्रेऑनही झ्यूसची शपथ घेऊनच हुकूम काढतो. देव दुष्टांचा सन्मान करत नाहीत, असं तोही म्हणतो. दोघंही देवाचं नाव घेतात. मग आपला देव खरा हे माणसानं आधी कसं ओळखायचं? अँटिगनीलासुद्धा शेवटी शंका येते, कुठल्या देवाला हाक मारू म्हणते. वृंद म्हणत होता की ती धूळ देवांनीच टाकली असेल, त्यावर क्रेऑन चिडला. मी त्याच्या जागी असतो तर मीही चिडलो असतो.

दूरदेशी
स्टुटगार्टहून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी अथेन्सला गेलो तेव्हा ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनिससच्या नाट्यगृहात बराच वेळ बसलो. आज दिसतात ती दगडी आसनं नंतरच्या काळातली, सोफोक्लीसच्या वेळी लाकडी बाकं होती. पण उतार तोच आणि आभाळ तेच. डोक्यावरून पक्षी जात होते. टायरेसियस पाखरांबद्दल बोलतो तेव्हा प्रेक्षकांनी वर बघितलं असणार, असं मला तिथं वाटलं.

दुसऱ्या दिवशी केरामेइकोसला गेलो, नगराच्या वेशीबाहेरची जुनी दफनभूमी. एरिडॅनोसचा लहानसा ओढा अजून तिथून वाहतो. शिलांवर निरोप घेणारी माणसं कोरलीत, एक बसलेलं, एक उभं, हातात हात. या लोकांनी मातीच्या एका मुठीवर एवढं मोठं नाटक का रचलं, ते तिथं उभं राहिल्यावर कळलं.

कलमदान
दूरदेशी, छान लिहिलंत. अवांतर: मुंबई उच्च न्यायालयात २२ जुलै १९०८ ला ज्युरीनं दोषी ठरवल्यावर लोकमान्य टिळक जे बोलले, ते त्या दालनाबाहेर कोरलंय. ज्युरीचा निकाल काही असो, मी निर्दोष आहे, आणि माणसांचं-राष्ट्रांचं भवितव्य चालवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत. मी ज्युनियर असताना त्या पाटीसमोरून रोज जायचो. ज्या न्यायालयानं शिक्षा दिली त्याच्याच भिंतीवर ते शब्द आहेत. क्रेऑनला हे जमलं नसतं.

दूरदेशी
रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी ‘अँटिगनी’ केलं तेव्हा नेल्सन मंडेलांनी क्रेऑनची भूमिका केली होती. राज्य हातात येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा रानवारा, क्रेऑनच्या बाजूनं उभं राहणं हे कामाचं आहे.

भाकरतुकडा
मी इथं वाचते, लिहीत नाही. पण मूठमातीवर लिहावंसं वाटलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे बाबा गेले. करोना. आम्हाला चेहरा दाखवला नाही. बॅग बंद, चेन वरपर्यंत. घरी न्यायचं नाही, अंघोळ नाही, दोन माणसं, तीही लांबून. माझा भाऊ हात जोडून म्हणत होता, चेन चार बोटं खाली घ्या, तोंडात पाणी तरी घालू द्या. तिथला माणूस म्हणाला, नियम आहे. तो वाईट वागला नाही. दिवसभरात त्यानं किती जणांना तेच सांगितलं असेल. आणि नियम का होता ते मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही.

तिथं झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी विचारलं, तुळस आणलीय का? आणली होती. म्हणाल्या, द्या माझ्याकडे, तुम्ही लांब थांबा. त्यांनी ती दोन पानं बॅगेवर ठेवली, जिथं तोंड असेल असं वाटलं तिथं. वर पाण्याचे चार थेंब. बस.

ओवी, तुम्ही ते लिहिलंत ना, खणलेलं नव्हतं, फक्त हलकी धूळ. ते वाचून मला त्या मावशी आठवल्या. मला त्यांचं नावही माहीत नाही. वाटसरूनं टाकलेली मूठ.

उंबरठाताईंच्या प्रश्नाबद्दल मला एवढंच वाटतं. प्रेत वाट बघत पडलंय हे एकदा मनात घुसलं की माणूस त्याच्यावरून पुढे जाऊच शकत नाही. आम्ही बाबांच्या अस्थी मिळेपर्यंत आईला औषध द्यायचं विसरलो होतो. आई जिवंत होती, समोर होती.

पाऊसपाणी
भाकरतुकडा, काय लिहू. त्या मावशींना नमस्कार.

रानवारा
भाकरतुकडाताई, मी कालपासून हा प्रतिसाद तीनदा वाचला. क्रेऑनच्या बाजूनं लिहिताना मी भाषणाबद्दल बोलत होतो, मातीबद्दल नाही. तुमचं शेवटचं वाक्य मला उत्तर वाटतं.

कलमदान
आता मूळ प्रश्नाकडे. मी रात्री पुन्हा वाचलं.

क्रेऑननं आधी काय केलं होतं ते आठवा. शिक्षा जाहीर केली तेव्हा दगडांनी ठेचायचं होतं. प्रत्यक्षात तो गुहेत कोंडतो आणि सोबत थोडं अन्न ठेवायला सांगतो. का? तर नगरीला हत्येचा विटाळ लागू नये. मेली तर ती आपली आपण मेली. ही पळवाट आहे. कोर्टात अशा पळवाटा मी पुष्कळ पाहिल्या, काही मीच शोधल्या. तेव्हाही क्रेऑनला मुलगी दिसत नव्हती, विटाळ दिसत होता.

टायरेसियस येऊन पुन्हा विटाळाबद्दलच बोलतो, वेद्या, पाखरं, कुत्री. त्यानं दोन्ही गोष्टी सांगितल्यात. वरचं माणूस तू खाली कोंडलंस आणि खालच्या देवांचं वर ठेवलंस, याची भरपाई तुझ्या रक्तातून होईल. पण क्रेऑननं ऐकलं ते विटाळाचं. निघताना तो म्हणतो, “प्रस्थापित कायदे आयुष्याच्या शेवटापर्यंत पाळणंच उत्तम, अशी मला भीती वाटते.” हा पूर्वीचाच क्रेऑन आहे. फक्त आता त्यानं साहेब बदललाय. आधी नगरीचा हुकूम कलमवार राबवत होता, आता देवांचा राबवतोय. जिथं दोष सगळ्यांना दिसतो, माळावर, तिथून सुरुवात. पोरगी गुहेत, कुणाला दिसत नाही, ती दुसऱ्या क्रमांकावर.

ओवी
कलमदानकाका, हे पटलं, पण पूर्ण नाही. दूत सांगतो त्यात क्रेऑन घाईघाईनं उरकत नाही. चौरस्त्याच्या देवीची आणि पाताळाचा देव प्लूटोची प्रार्थना, स्नान, ताज्या फांद्या, मायभूमीची माती. ‘मायभूमीची’ हा शब्द फार मोठा आहे. ज्याला देशद्रोही म्हणून टाकलं होतं त्याला त्याच देशाची माती. इतकं कलमवार काम करणारा करत नाही. मला तिथं मामा दिसतो. पॉलिनायसीस त्याच्या बहिणीचा मुलगा होता, हे त्याला बहुतेक प्रेत हातात घेतल्यावर आठवलं.

कलमदान
ओवी, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी आम्ही हा धागा मोठ्यानं वाचला आणि मग नाटक पुढे नेलं. भाकरतुकडाताईंचा प्रतिसाद वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. दूत हे सगळं सांगतो कुणाला? युरिडिसीला, क्रेऑनच्या बायकोला. ती पॅलासच्या, म्हणजे अथीना देवीच्या, देवळात जायला म्हणून दाराचा अडसर काढते, आणि घरावर काहीतरी कोसळल्याचे शब्द कानावर पडून दासींच्या अंगावर कोसळते. सावरून बाहेर येते आणि म्हणते, जे झालं ते पुन्हा सांगा, दुःख मला नवीन नाही. एक मुलगा आधीच गेलाय तिचा.

आणि दूत सुरुवात करतो ती माळावरून. प्रेत, स्नान, फांद्या, मातीचा ढीग. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचे संस्कार ती पायरी-पायरीनं ऐकत राहते. मग गुहा. आतून आलेला हायमनचा आवाज. फासावरची अँटिगनी, तिच्या कमरेला मिठी मारून बसलेला मुलगा, बापाच्या तोंडावर थुंकणं, चुकलेला वार, आणि मग तीच तलवार स्वतःच्या बरगडीत. ऐकून झाल्यावर युरिडिसी एक शब्द न बोलता आत जाते. त्या शांततेची वृंदाला भीती वाटते.

आमच्या गटात युरिडिसीचं काम करणाऱ्या काकूंना गुडघेदुखी आहे, म्हणून त्यांना खुर्ची ठेवली होती. काल त्यांनीच सांगितलं, दूत बोलत असेपर्यंत मी उभी राहणार आहे.